एक दुरुस्ती, एक वाचन

संस्थेचा इतिहास लिहा असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. मी लिहिणारी बाई नव्हे, चुका काढणारी. एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि उकार सरळ करण्यात गेली. लग्न केलं नाही. नवऱ्यानं चिठ्ठी लिहून ठेवली तर तू ती लाल शाईनं दुरुस्त करून त्याच्या हातात देशील, असं माझी धाकटी बहीण म्हणायची, आणि तिचं काही खोटं नव्हतं.

पण व्यवस्थापक मागे लागले. आम्ही त्यांना मऊसाहेब म्हणायचो. आवाज मऊ, हात मऊ, आणि बुटांचे तळवे इतके मऊ की माणूस खुर्चीमागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे. दोन वर्षांपूर्वी आले आणि तेव्हापासून या इमारतीत सगळे अधूनमधून मागे वळून बघायला लागले.

"मावशी, तुमच्याइतकं या घराला कोण ओळखतं?" ते म्हणाले. "या वर्षी दुसरं काही काढायचंच नाही. रोजच्या वचनांची पुस्तिकासुद्धा नको. इतिहास हेच या वर्षीचं पुस्तक. अगदी निर्दोष झालं पाहिजे. घाई करू नका."

मी फुगले. आता स्वतःच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटतात.

आमची संस्था ख्रिस्ती पुस्तकं छापते आणि विकते. छापत होती, विकत होती, असं लिहायला हवं. माझीच चूक मी काढते. खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, त्याच्या मागे छापखाना, वर कचेरी आणि माझी तपासणीची खोली. मागच्या अंगाला गोदाम, आणि गोदामाला लागून दोन खोल्या. त्यात मी आणि माझी भाची राहायचो. बहीण इथेच बांधणी खात्यात फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले कागद, शिवायची. ती गेली तेव्हा भाची अकरा वर्षांची होती. मी तिला वाढवली, शिकवली, आणि इथेच कॉम्प्युटरवर अक्षरजुळणीला लावली. आता ती चौतीस वर्षांची आहे.

इतिहास लिहायला बसले आणि पहिल्याच पेटीत दानपत्र सापडलं. त्यातली अट आम्हाला तोंडपाठ होती, पण कागद पहिल्यांदाच हातात आला. ही जागा एका विधवा बाईंनी दिली. प्रार्थना करणारी बाई, पण माणसांवर विश्वास बेताचाच असावा. त्यांनी लिहून ठेवलं होतं की, दर वर्षी, संस्था सुरू झाली त्या तारखेला दुकान बंद व्हायच्या आत, शंभर पानांहून कमी नाही असं एक तरी नवं पुस्तक दुकानाच्या फळीवर आलं पाहिजे. ज्या वर्षी येणार नाही, त्या वर्षी जागा बांधकामासकट माझ्या वारसांकडे परत जाईल.

त्या काळी वर्षाला दहा-दहा पुस्तकं निघत. अट वाचून सगळे हसले असतील.

फळीवर आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद एका जाडजूड वहीत होते. नाव, पानं, तारीख, तपासणाऱ्याची सही. दुकानातले तिला बाप्तिस्म्याची वही म्हणतात. त्या वहीवरूनच मी सगळा इतिहास लिहिला. तापाच्या साथीच्या वर्षी शिशाची अक्षरं जुळवणारे चारही जुळारी गेले, तेव्हा संस्थापकांच्या पत्नीनं एकटीनं खिळे जुळवून एकशे चार पानांचं पुस्तक केलं. नोंदीपुढे तिची सही आहे आणि शाईचा अंगठा उमटलाय. युद्धाच्या वर्षी कागद मिळेना, तर साबण गुंडाळायच्या तपकिरी कागदावर छापलं. त्याची एक प्रत अजून कपाटात आहे, आणि खरं सांगते, वास येतो.

आणि तिसऱ्या वर्षाची गोष्ट. आजाऱ्यांसाठी प्रार्थनांचं पुस्तक निघालं होतं. एक माणूस ते घेऊन दुकानात आला. बायको सकाळी गेली होती. जाण्याआधी तिनं पुस्तकातलं एक पान उघडून त्याला दाखवलं आणि विचारलं, हे खरं आहे का? 'अनंत जीवन' असं हवं होतं तिथे एक न गळला होता. 'अंत जीवन' छापलं होतं. संस्थापकांनी त्या दिवशी सगळ्या प्रती मागच्या अंगणात जाळल्या आणि दोन नियम केले. पहिला, तपासणारा शेवटच्या प्रुफावर स्वतःच्या हातानं 'निर्दोष' हा शब्द लिहील, आणि तो लिहिल्याशिवाय यंत्र फिरणार नाही. दुसरा, एक दुरुस्ती, एक वाचन. म्हणजे कुठेही एक अक्षर जरी बदललं, तरी सगळं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, कारण एक ठिकाण नीट करताना दुसरं बिघडतं.

दुसरीकडे कुठे असा नियम ऐकला नाही. लोक वेड्यात काढतात. मला त्याचा फार अभिमान होता.

माझा इतिहास दोनशे बारा पानांचा झाला. लिहिल्याचे पैसे मी नको म्हटले. फक्त अर्पणपत्रिका मागून घेतली. तिसऱ्या पानावर एवढंच: 'या घरातली पुस्तकं शिवता शिवता गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या स्मरणार्थ.' मऊसाहेब म्हणाले, अवश्य. भाचीनं ती ओळ जुळवून घेतली.

वाढदिवसाला, म्हणजे संस्थेच्या तारखेला, सव्वा महिना उरला होता तेव्हा पहिलं प्रूफ आलं. पूर्वी भाचीच्या पानाला चार-चार चुका असत. एकदा तिनं चर्चच्या धर्मगुरूंच्या बातमीत 'पाळकांची सभा'च्या जागी 'पालकांची सभा' केलं होतं, आणि दुकानात पंधरा दिवस भाजीचे विनोद चालले. मी तिला चारचौघांत बोलले होते. नेहमीच बोलायची. पण या वेळी दोनशे बारा पानांत चूक सापडली फक्त एक. मी मनात म्हटलं, सुधारली पोर. ती दुरुस्त करायला दिली आणि नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मला एका वाचनाला तीन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक चूक सापडली. आधी ती तिथे नव्हती हे मी शपथेवर सांगितलं असतं, पण वय झालं, नजर चुकली असेल, असं वाटलं. ती दुरुस्त केली. पुन्हा तीन दिवस, पुन्हा एक.

"बाई, दर वेळी एकच कशी?" दुकानकाकांनी विचारलं. ते पन्नास वर्षं दुकानाच्या गल्ल्यामागे उभे आहेत. त्यांचं नाव काय हे त्यांनाही आठवत नसावं.

"कारण माझी भाची आता शहाणी झालीय," मी म्हटलं.

"बाई, तारीख जवळ येतेय. छापून टाका की. एका अक्षरानं काय आभाळ कोसळणार आहे?"

मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुस्तकं पुसायला लागले. खरं तर पुसायला फारशी पुस्तकं उरलीच नव्हती. नवा माल मागवणं मऊसाहेबांनी बंद केलं होतं, आणि रिकाम्या फळ्यांवर धुळीचे चौकोन दिसत होते, जिथे पूर्वी गीतांची पुस्तकं असत. छतातले दोन दिवे गेले होते ते कुणी बदलले नाहीत. मी हे सगळं पाहत होते. पाहून वर जात होते आणि स्वल्पविराम तपासत होते.

सहाव्या वाचनाच्या वेळी दोन माणसं फीत घेऊन आली. त्यांनी दुकान मोजलं, छापखाना मोजला, जिना मोजला. मग माझ्या खोलीत आले, माझं टेबल मधे येत होतं म्हणून न विचारता सरकवलं आणि खिडकी मोजली.

"कशासाठी?" मी विचारलं.

"रंगकाम," एक जण म्हणाला. दुसरा हसला आणि आकडा कागदावर लिहून घेतला.

मी खाली जाऊन मऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही पुस्तकात लक्ष घाला. तुमच्या नजरेवर सगळं अवलंबून आहे." नंतर त्या वाक्याचा अर्थ कळला. तेव्हा मी मुकाट वर गेले.

त्या संध्याकाळी मी संस्थेच्या अध्यक्ष पाळकांनाही फोन केला. फार म्हातारे, फार चांगले. ते म्हणाले, "व्यवस्थापक सगळं बघताहेत, काळजी करू नका, प्रार्थना करा." मी प्रार्थना केली. करताना मनात सत्त्याण्णवाव्या पानावरचा एक अनुस्वार घोळत होता.

घरी भाची बदलली होती. जेवताना फोनवर खोल्यांची चित्रं बघायची. मी डोकावले की फोन पालथा. एकदा तिच्या पिशवीतून किल्ल्यांचा नवा जुडगा पडला.

"कशाच्या गं?"

"ऑफिसच्या कपाटाच्या."

ऑफिसचं एकही कपाट नवं नाही. सगळी माझ्यापेक्षा म्हातारी आहेत.  पोरीच्या आयुष्यात कुणी आलं असेल असं वाटलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

अकरावं वाचन संपलं तेव्हा चूक सापडली ती पहिल्याच प्रकरणात. संस्थापकांच्या गोष्टीत. 'अनंत'च्या जागी 'अंत'. तीच चूक, शंभरावर वर्षांनी, त्याच शब्दात.  भाचीला बोलावून दाखवलं. ती पानाकडे बघून म्हणाली, "बोट चुकलं, मावशी." बोट चुकलं. ज्या वाक्यात मी लिहिलं होतं की हे बोट चुकल्यामुळे प्रती जाळाव्या लागल्या, त्याच वाक्यात. आणि मी, या घरातली सगळ्यात हुशार बाई, मानेनं हो म्हणाले आणि बारावं वाचन सुरू केलं.

ते तारखेच्या दिवशीच संपणार होतं. पानं मशीनवर चढवून, कापून, बांधून दहा प्रती फळीवर ठेवायला छापखान्यातल्या मशीनदादाला सव्वा तास पुरे. दुकान सहाला बंद. म्हणजे पावणेपाचच्या आत मला तो शब्द लिहायचा होता. वेळ कमी असला की मी उलटं वाचते, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे; अर्थ नजरेला पुढे ओढत नाही आणि चूक लपत नाही. भाचीला हे लहानपणापासून ठाऊक आहे. तिची शाळेची वहीसुद्धा मी अशीच तपासायची.

साडेचार वाजता मी दहाव्या पानावर होते. एकही चूक नव्हती. खालून दुकानकाकांनी वर निरोप पाठवला की फळी पुसून ठेवलीय. मशीनदादा माझ्या दारात येऊन उभा राहिला, हात फडक्याला पुसत. मी नववं पान उलटलं, आठवं, सातवं.  निर्दोष पुस्तक. माझं.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'या घरातली पुस्तकं शिवता शिवता गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मरणार्थ.'

माझ्या हातानं माझी वाट बघितली नाही. मी विचार करायच्या आत लाल शाईची खूण झाली होती आणि समासात अर्धा स लिहून झाला होता.

मग मी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं होती.

"चढव मशीनवर," मी मशीनदादाला म्हटलं.

त्यानं पान हातात घेतलं, लाल खूण बघितली, आणि पान परत टेबलावर ठेवलं. "बाई, शब्द कुठाय?"

"शब्द राहू दे. तू छाप."

"तुम्हीच शिकवलंय. शब्दाशिवाय यंत्र फिरवायचं नाही." त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्यालाही अट ठाऊक होती. त्याचंही घर यावरच चालत होतं. "मग लिहा ना, बाई. लिहून टाका. कुणाला कळणार आहे?"

मी पेन उचललं. 'नि' लिहिलं. खरंच लिहिलं. आणि त्याच्या वर दोन बोटांवर तो शब्द होता, माझ्या बहिणीपुढे. मरणार्थ. जिच्या हातांना खळीचा वास कधी गेला नाही, जी खोकत खोकत शेवटचा फर्मा शिवून गेली, तिच्या पानावर मी खोटं लिहायचं? माझा हात पुढे जाईना. मी त्याला ढकलत होते आणि तो जाईना.

"थांब," मी म्हटलं. "एकच अक्षर आहे. भाची दोन मिनिटांत बदलेल. पुन्हा वाचत नाही. नियम मोडते. शब्द लिहून देते." आणि धावले. एकसष्टाव्या वर्षी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

अक्षरजुळणीच्या खोलीला कुलूप होतं. दुकानात ती नव्हती, घरात नव्हती. शेवटी अर्ध्या तासानं गोदामाच्या मागच्या पायरीवर सापडली. मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, कुणी गाडीची वाट बघत बसतं तशी.

"किल्ली दे. लवकर. स्मरणार्थचा स गळलाय."

"माहितीये," ती म्हणाली.

मी हात पुढे केला.

"बाकीच्याही माहितीयेत. बारा. दर वेळी एकच. जास्त केल्या असत्या तर तुला संशय आला असता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी पुस्तक अडवलं नाही, मावशी. मऊसाहेबांनी सांगितलं होतं, अडवायचं नाही. फक्त एक चूक ठेवायची. बाकी ती स्वतः करेल, म्हणाले. कधीही तू छाप म्हणाली असतीस तर छापलं असतं."

"किल्ली दे."

"आईच्या पानावर तू थांबणार हे मला ठाऊक होतं. म्हणून ते शेवटी ठेवलं."

"किल्ली दे गं, तुझ्या पाया पडते."

तेव्हा तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "आई इथल्याच खोलीत मेली. खळ, ओल, कागदाचा भुगा. बारा पुस्तकं तिच्या शिवणीची वहीत आहेत, पण सही तुझी आहे. तिचं नाव एकाही नोंदीत नाही, बघितलंस कधी? मला त्यांच्याकडून दोन खोल्या मिळाल्यात. रस्त्याकडे खिडकी आहे. एक तुझी." मग म्हणाली, "तेवीस वर्षं मी तुझ्यासमोर पानं ठेवतेय. शाळेच्या वहीपासून. एकदासुद्धा तू माझ्या पहिल्या प्रुफावर तो शब्द लिहिला नाहीस. एकदासुद्धा."

 किल्ली तिनं दिली. माझ्या तळहातावर ठेवली, अगदी सावकाश. आम्ही दोघी त्या खोलीपर्यंत गेलो, तिनं यंत्र चालू केलं, ते सुरू व्हायला नेहमीसारखा वेळ लागला, तिनं तो अर्धा स घातला. बाहेर पान आलं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. मशीनदादानं तरीही पानं चढवली. मी त्या पानावर निर्दोष लिहिलं. सहाला तो पहिली प्रत कापत होता. दुकानकाका खाली दाराशी उभे होते आणि दार लावायला तयार नव्हते. मऊसाहेबांनी त्यांना बाजूला केलं, अगदी हळुवार, आणि स्वतःच्या हातानं दार लावलं.

मग ते बाप्तिस्म्याची वही घेऊन वर आले. माझ्या टेबलावर उघडली. शेवटच्या नोंदीखाली पट्टी ठेवून एक रेघ मारली. पायांचा आवाज मला तेव्हाही आला नव्हता.

विश्वस्तांनी दोन बैठका घेतल्या. वकिलांनी दानपत्र वाचलं आणि सांगितलं, भाषा स्वच्छ आहे. वारसांनी या जागेसाठी काढलेल्या कंपनीत मऊसाहेबांच्या मेहुण्याचा हिस्सा आहे हे सगळ्यांना कळलं, पण पुस्तक कुणी अडवलं होतं? तपासनीस बाईंनी. लाल खूण माझी होती, तारीख घालून. अध्यक्ष पाळक माझा हात धरून रडले, आणि मला त्यांचं सांत्वन करावं लागलं.

महिन्याभरानं फीतवाले परत आले. या वेळी रंगकामाचं नाव कुणी काढलं नाही. दुकानकाका कपाटातली तपकिरी कागदाची प्रत शर्टाच्या आत घालून घेऊन गेले. मी पाहिलं आणि पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मी माझी खोली आवरत होते. पेनं, पट्टी, भिंग. भाची दारात आली. आम्ही एकाच घरात राहून महिनाभर बोललो नव्हतो. तिच्या हातात एक पान होतं. दारावर लावायची सूचना.

"मऊसाहेब म्हणाले, मावशींना दाखवून घे. चूक राहायला नको."

मी पान घेतलं. खुर्ची आधीच गेली होती, म्हणून खिडकीशी उभं राहून वाचलं. ही संस्था आजपासून बंद होत आहे. वाचकांनी इतकी वर्षं दिलेल्या साथीबद्दल आभार. पुस्तकांची विक्री पुढे होणार नाही. सात ओळी. मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं. वेलांट्या बरोबर, उकार बरोबर, विरामचिन्हं जागच्या जागी. पुन्हा एकदा वाचलं. मला काहीतरी सापडायला हवं होतं, एखादा अनुस्वार, एखादा काना. तेवढ्यानं दार आणखी एक दिवस उघडं राहिलं असतं असं काही नव्हतं, पण तरी शोधलं.

भाची बघत उभी होती. माझ्या हाताकडे बघत होती, लहानपणी वही दिल्यावर बघायची तशीच.

एकही चूक नव्हती. मी लाल पेन काढलं आणि खाली कोपऱ्यात लिहिलं, निर्दोष.